गच्चीवरून टिपलेला प्रकाश: ही चित्रफीत पटण्याजोगी आहे का?

गच्चीवरचा (धागाकर्ता)

नमस्कार. या मंचावरचे उडत्या तबकड्यांबद्दलचे आणि आकाशातल्या अनोळखी प्रकाशांबद्दलचे धागे मी अनेक वर्षे वाचनमात्र राहून वाचत आलो आहे. लोकांना नेमक्या त्याच क्षणी कॅमेरा सरळ का धरता येत नाही, असे दर वेळी मनात यायचे. परवा तो प्रसंग माझ्यावर आला आणि माझाही हात तितकाच थरथरला, हे आधीच कबूल करतो.

सूर्यास्तानंतर साधारण तासाभराने पश्चिमेला, समोरच्या इमारतीवरील अँटेनाच्या वर, एक पांढरट-नारिंगी प्रकाश स्थिर उभा असलेला दिसला. मी फोन काढला आणि ४ मिनिटे १२ सेकंद चित्रण केले. पहिला भाग पाचपट झूमवर आहे. त्यात छताचा कठडा आणि अँटेना दोन्ही दिसतात. नंतर मी झूम दहापट केला, आणि पडद्यावर जे दिसले ते पाहून माझी बोलतीच बंद झाली. तिथे ठिपका नव्हता, चक्क गोल तबकडी होती. तिची कड उजळ होती, मधला भाग फिकट होता आणि खालच्या उजव्या बाजूला कोणी चावा घेतल्यासारखी एक खाच होती. ती तबकडी सारखी लहानमोठी होत होती आणि तिचा रंग तांबूस, हिरवट, पुन्हा पांढरा असा बदलत होता. २:३८ ला तिच्या जवळून एक बारीक ठिपका सुटतो आणि क्षणात फ्रेमबाहेर जातो. शेवटी मी परत पाचपटीवर आलो, तेव्हा प्रकाश अँटेनाच्या टोकाजवळ उतरलेला होता. घरातल्या तिघांनी तो माझ्याबरोबर पाहिला. आवाज अजिबात नव्हता.

मला थट्टा नको आणि पाठीवर थापही नको. एवढ्या चित्रीकरणावरून काही म्हणता येते का, आणि येत नसेल तर त्यात नेमके काय कमी पडले, एवढेच जाणून घ्यायचे आहे.

रोखठोक

उडता कंदील. धागा बंद करावा.

खगोलवेडी

रोखठोक, आपण चित्रफीत उघडली तरी का? कागदी कंदील वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि आतली ज्योत विझत आली की मंद होत जातो. हा प्रकाश चार मिनिटे जवळजवळ एका जागी आहे आणि शेवटपर्यंत तितकाच प्रखर आहे. न पाहता दिलेले उत्तर शंकेखोराच्या तोंडून आले, तरी त्याला चिकित्सा म्हणता येत नाही.

धागाकर्त्यांना माझा एकच प्रश्न आहे. ती तबकडी आणि ती खाच तुम्हा चौघांपैकी कोणाला नुसत्या डोळ्यांनी दिसली होती का?

गच्चीवरचा

नाही. डोळ्यांना फक्त एक खूप तेजस्वी ठिपका दिसत होता. तबकडी पडद्यावरच दिसली. झूममुळे बारकावे उघड झाले, अशी माझी समजूत होती.

तिपाई

चौघांनी ठिपका पाहिला आणि कॅमेऱ्याने तबकडी पाहिली, ही या धाग्यातली आतापर्यंतची सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. लग्नसमारंभांपासून रात्रीच्या आकाशापर्यंत सगळे टिपण्यात माझी वीसेक वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

फोनचा ऑटोफोकस चित्रातल्या कडांच्या आधाराने चालतो. काळ्या पार्श्वभूमीवर एकच दिवा असला की त्याला धरायला काहीच सापडत नाही आणि तो पुढे-मागे चाचपडत राहतो. फोकस सुटला की ठिपक्याचा गोळा होतो, आणि त्या गोळ्याचा आकार वस्तूवरून ठरत नसून लेन्सच्या छिद्रावरून ठरतो. छिद्र गोल असेल तर तबकडी दिसते. पात्यांमुळे ते बहुकोनी झाले असेल तर बहुकोन दिसतो. अमेरिकी नौदलाच्या जहाजावरून २०१९ साली टिपलेल्या त्या प्रसिद्ध हिरव्या त्रिकोणांचेही हेच झाले होते. मे २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढच्या सुनावणीत अधिकाऱ्यांनी सांगितले की तो त्रिकोणी आकार रात्रदर्शी उपकरणातून कॅमेऱ्यात आलेल्या प्रकाशाने घेतलेला होता. तुमची तबकडी लहानमोठी होत जणू ‘श्वास घेते’, म्हणजे बहुधा तुमचा फोन फोकस शोधतो आहे. त्यात दहापट झूम हा बव्हंशी डिजिटल असतो. आहेत तेच पिक्सेल तो ताणतो, आणि नवे फोन तर मधल्या जागा स्वतःच्या अंदाजाने भरून कडा धारदार करून देतात. अशा चित्रात बारकावे शोधणे म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणे होय.

खाचेसाठी एक सोपी चाचणी आहे. त्याच फोनने, त्याच झूमवर, दूरचा एखादा दिवा हाताने फोकस बिघडवून टिपा आणि तो फ्रेमच्या त्याच भागात ठेवा. खाच दिव्यातही दिसली तर ती आकाशात नसून तुमच्या लेन्सवर आहे. मग लेन्स स्वच्छ पुसून पुन्हा टिपा.

आणखी दोन गोष्टी. एक म्हणजे, संदेशाच्या ॲपमधून फिरून आलेली प्रत आम्हाला देऊ नका. अशी ॲप्स फाइल पुन्हा दाबून लहान करतात. त्यात बहुतेक वेळा चित्रणाची वेळ आणि कॅमेऱ्याच्या नोंदी गळून पडतात, अंधाऱ्या आकाशाचे चौकोनी ठोकळे होतात आणि मंद ठिपके त्यांत पुसले जातात किंवा नसलेले उमटतात. फोनमधली मूळ फाइल न कापता द्या. दुसरी गोष्ट ऐकून वाईट वाटेल: तुमच्या चित्रफितीतला सर्वांत मोलाचा भाग ती तबकडी नव्हे, सुरुवातीची कंटाळवाणी वीस सेकंदे आहेत. तिथे कठडा आहे, अँटेना आहे, म्हणजे मोजायला काहीतरी आहे.

अर्धाविश्वासू

तिपाई यांचे तांत्रिक विवेचन पटते, पण एक खटकते. फोकस बिघडल्याने तबकडी झाली, हे मान्य केले तरी मुळात तिथे प्रकाश होताच ना? चार माणसांनी पाहिलेला प्रकाश लेन्समुळे निर्माण होत नाही. आपण आकाराचे स्पष्टीकरण देतो आणि वस्तूचेही दिले असे समजून मोकळे होतो. उडत्या तबकड्यांच्या नोंदी तपासणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या ब्लू बुक प्रकल्पात १९६९ पर्यंत जमलेल्या १२,६१८ नोंदींपैकी ७०१ अनुत्तरित राहिल्या, हेही विसरू नये.

तिपाई

मान्य. मी आकारापुरतेच बोललो. तिथे काय होते, ते वेगळे शोधावे लागेल.

जुनीरीळ

पार्श्वभूमीचा विषय निघालाच आहे, तर फिल्मच्या काळातली एक गोष्ट सांगतो.

२ जुलै १९५२ रोजी अमेरिकेत यूटा राज्यातील ट्रेमाँटनजवळ डेल्बर्ट न्यूहाउस हे कुटुंबासह मोटारीने चालले होते. ते नौदलातले प्रशिक्षित छायाचित्रकार होते. आकाशात डझनभर चकाकत्या वस्तू घिरट्या घालताना दिसल्यावर त्यांनी गाडी थांबवली, सामानातून १६ मिलिमीटरचा कॅमेरा शोधून काढला आणि रंगीत फिल्मवर चित्रण केले. कॅमेरा हाती येईपर्यंत त्या वस्तू दूर गेल्या होत्या. तरीही या गृहस्थांनी एक शहाणपणाचे काम केले. थव्यातून वेगळी होऊन उलट दिशेने निघालेली एक वस्तू टिपताना त्यांनी कॅमेरा तिच्यामागे फिरवला नाही. तो स्थिर धरला आणि वस्तूला फ्रेममधून आरपार जाऊ दिले, म्हणजे पुढे तिचा कोनीय वेग (सेकंदाला किती अंश सरकली ते) काढता यावा. हौशी चित्रणात हे मी आजही क्वचितच पाहतो. वस्तू निसटेल या भीतीने सगळेच तिच्यामागे कॅमेरा फिरवत राहतात आणि मग हात हलला की वस्तू हलली, हे कोणालाच सांगता येत नाही.

नौदलाच्या प्रयोगशाळेने त्या फिल्मवर सुमारे १,००० तास घालवले आणि ते पक्षी नसावेत असे मत दिले. जानेवारी १९५३ मध्ये, अशा नोंदी तपासण्यासाठी बोलावलेल्या रॉबर्टसन समितीच्या शास्त्रज्ञांनी तीच फिल्म पाहिली आणि उन्हात चमकणारे समुद्रपक्षी ही शक्यता अधिक मानली. चित्रण करणारा जाणकार होता, फिल्म उत्तम होती, हेतूही प्रामाणिक होता. तरी वाद मिटला नाही, कारण फ्रेममध्ये निळ्या आकाशाखेरीज काहीही नव्हते. डोंगर नाही, झाड नाही, ढगसुद्धा नाही. अंतर कळले नाही, म्हणून आकार कळला नाही आणि वेगही कळला नाही. तुमच्या त्या अँटेनाची किंमत यावरून ओळखा.

पिक्सेलमोजणारा

धागाकर्त्यांनी आता मूळ फाइल दिली आहे, त्याबद्दल आभार. २:३८ चा ठिपका मी एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहिला. सेकंदाला ३० फ्रेम या गतीने तो ९ फ्रेममध्ये, म्हणजे ०.३ सेकंदात, साधारण अर्धी फ्रेम ओलांडतो. तुमच्या फोनची लेन्स आणि दहापट झूम धरता हे अंतर जवळपास ४ अंश भरते, म्हणजे सेकंदाला सुमारे १३ अंश.

आता गंमत पाहा. ठिपका कॅमेऱ्यापासून ३ मीटरवर असेल तर त्याचा वेग सेकंदाला ०.७ मीटर येतो. रमतगमत उडणारा एखादा कीटक. तोच ३ किलोमीटरवर असेल तर सेकंदाला ७०० मीटर, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेग, आणि तोही निःशब्द! चित्रफीत दोन्ही बाबतीत तंतोतंत सारखीच दिसेल. ‘प्रचंड वेगाने गेला’ हे वाक्य आपण उच्चारतो तेव्हा अंतर गुपचूप गृहीत धरलेले असते.

अनुभवी वैमानिकांच्या उपकरणांवरची चित्रेही याला अपवाद नाहीत. ‘गो फास्ट’ या नावाने गाजलेल्या लष्करी चित्रफितीत एक वस्तू समुद्राला चाटून सुसाट जाताना वाटते. नासाच्या स्वतंत्र अभ्यासगटाने २०२३ मध्ये पडद्यावरच्याच आकड्यांवरून हिशेब मांडला, तेव्हा वस्तू सुमारे ४ किलोमीटर उंचीवर आणि तिचा सरासरी वेग ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास निघाला. पळत होते ते मुख्यतः टिपणारे विमान. धावत्या आगगाडीतून जवळचे खांब मागे पळताना दिसतात, तसाच हा प्रकार. तिथे निदान पडद्यावर अंतर आणि कोन छापलेले होते. आपल्या ठिपक्याजवळ तेही नाही.

अर्धाविश्वासू

मग एखाद्या चित्राची तज्ज्ञांनी तपासणी करून ‘फेरफार आढळला नाही’ असे सांगितले, तर ते तरी पुरेसे मानाल की नाही?

जुनीरीळ

नाही मानणार. बेल्जियममध्ये १९९० साली पेटी-रेशाँ येथे घेतलेले काळ्या त्रिकोणाचे छायाचित्र असेच प्रमाण मानले जात होते. त्यावर अभ्यास झाले, निगेटिव्हमध्ये लबाडी सापडली नाही. सापडणार कशी? २०११ मध्ये करणाऱ्यानेच कबूल केले की तो रंगवलेला आणि दिवे लावलेला स्टायरोफोमचा (थर्मोकोलचा) तुकडा होता. छायाचित्र अस्सलच होते, फक्त ते स्टायरोफोमचे अस्सल छायाचित्र होते.

वाचनमात्र

पहिल्यांदाच प्रतिसाद लिहीत आहे. संगणकावर बनवलेली फीत ओळखण्याचा काही मार्ग असतो का?

पिक्सेलमोजणारा

असतो, पण ती चढाओढ आहे आणि दिवसेंदिवस अवघड होत चालली आहे. २००७ मध्ये हैतीच्या नावाने फिरलेल्या चित्रफितीत तबकड्या निर्दोष होत्या. पकडली गेली ती नारळाची झाडे, कारण एकच झाड पुन्हापुन्हा वापरलेले होते. लबाडी करणारा सगळा जीव तबकडीत ओततो आणि कोपऱ्यांकडे दुर्लक्ष करतो. म्हणून मी चित्रफीत पाहताना वस्तू बोटाने झाकतो आणि उरलेले चित्र आधी पाहतो: हात हलला तेव्हा जवळच्या आणि दूरच्या गोष्टी वेगवेगळ्या प्रमाणात सरकल्या का, फोकस सुटला तेव्हा वस्तू आणि मागचे दिवे एकदमच पसरले का. तरीही अलीकडे फितीपेक्षा तिचा माग काढणे अधिक उपयोगी पडते. ती प्रथम कोणी दिली, मूळ फाइल मागितल्यावर तो माणूस काय म्हणाला, दुसऱ्या जागेवरून दुसऱ्या कोणी काही टिपले का, हे पाहावे. आपल्या धागाकर्त्यांनी विचारताक्षणी फाइल दिली, त्यामुळे हा प्रश्न इथे उद्भवतच नाही.

खगोलवेडी

फाइलमध्ये वेळ मिळाल्यावर मी तारांगणाच्या संगणक-प्रणालीत त्या संध्याकाळचे आकाश लावून पाहिले. त्या वेळी, त्याच दिशेला, क्षितिजापासून फार उंच नसलेला शुक्र होता. शुक्र हे नाव घेतले की लोक नाराज होतात; इतक्या ओळखीच्या ग्रहाला आपण फसू, हे कोणाला पटत नाही. पण सूर्य-चंद्र सोडले तर आकाशातली तीच सर्वांत तेजस्वी नित्याची ज्योती आहे, आणि क्षितिजाजवळ हवेच्या जाड थरातून येताना तिचा प्रकाश लुकलुकतो व त्यातले रंग सुटे होतात. तुमचे तांबूस आणि हिरवट त्यातूनच आले असावेत.

पण ‘तिथे शुक्र होता’ म्हणजे ‘टिपला तो शुक्रच’ असे होत नाही, आणि अर्धाविश्वासू यांनी हा आक्षेप घेण्याआधी मीच तो घेते. चाचणी अशी करता येईल. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश ४ मिनिटांत १ अंश सरकते. तुमच्या फितीत ०:१५ ला आणि ४:०५ ला प्रकाश व अँटेना एकाच झूमवर दिसतात. मधली २३० सेकंदे धरता प्रकाश ०.९६ अंश सरकायला हवा. अंशाचे पिक्सेल करण्यासाठी त्याच पाचपट झूमवर चंद्र टिपा; चंद्रकोर असली तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. ते अंतर जवळपास अर्धा अंश असते.

गच्चीवरचा

तीन संध्याकाळी यातच गेल्या. घरच्यांनी माझा नाद सोडून दिला आहे. जे निघाले ते जसेच्या तसे मांडतो.

आधी खाच. दूरच्या रस्त्यावरचा दिवा दहापट झूमवर घेतला आणि फोकस हाताने बिघडवला. पडद्यावर माझीच तबकडी अवतरली: तीच उजळ कड, तोच फिकट मध्य, आणि खाली उजवीकडे तीच खाच. मी काही क्षण नुसता बघत राहिलो. मग फोन उलटा करून लेन्स उजेडात तिरकी धरली, तर काठाजवळ तेलकट बोटाचा ठसा आणि त्यात चिकटलेला धुळीचा कण दिसला. मऊ कापडाने पुसून पुन्हा टिपले. तबकडी तशीच आली, पण अखंड गोल. ज्या खाचेने माझी दोन रात्रींची झोप उडवली होती, ती एका पुसण्यात गेली.

आता चंद्र. पाचपट झूमवर कोरीच्या दोन टोकांत १२२ पिक्सेल भरले, म्हणजे अंशाला सुमारे २४४. या हिशेबाने प्रकाश २३४ पिक्सेल सरकायला हवा होता. अँटेनाचे टोक स्थिर धरून मी तीनदा मोजले, २२१ आले.

खगोलवेडी

ती १३ पिक्सेलची तूट मोजणीतली चूक नव्हे. पूर्ण अंशाचा हिशेब खगोलीय विषुववृत्तावरच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर आकाशात कल्पिलेल्या वर्तुळावरच्या, ताऱ्यासाठी असतो. शुक्र त्या दिवशी विषुववृत्तापासून १८ अंश दूर होता, आणि तेवढ्या अंतरावर सरकणे सुमारे ५ टक्क्यांनी कमी होते. म्हणजे अपेक्षा २२२ किंवा २२३ ची होती. हाताने धरलेल्या फोनवर एवढे जुळणे हा थोडा योगायोगही आहे, पण मी ही नोंद शुक्राच्या नावे टाकते.

अर्धाविश्वासू

मीही टाकतो, आणि आनंदाने. मोजून दिलेल्या उत्तराशी माझे भांडण कधीच नव्हते. ते ‘कंदील, धागा बंद’ या वृत्तीशी होते. आता २:३८ च्या ठिपक्याचे काय?

रोखठोक

माझी घाई झाली, हे मान्य. ठिपका मात्र कीटकच.

पिक्सेलमोजणारा

रोखठोक, पुन्हा तेच! कीटक बहुधा असेलही, पण तो कीटक होता हे दाखवणारे या नऊ फ्रेममध्ये काहीच नाही. फ्रान्सच्या अंतराळ संस्थेत १९७७ पासून या कामासाठी विभाग आहे. त्यांची पद्धत मला आवडते. ते प्रत्येक नोंद चार वर्गांत घालतात: ओळख पक्की पटली तर अ, बहुधा पटली तर ब, माहितीच अपुरी असेल तर क, आणि माहिती पुरेशी असून नीट तपासानंतरही उलगडा झाला नाही तर ड. लोक क आणि ड यांची सरमिसळ करतात आणि सगळा घोळ तिथेच होतो. ब्लू बुकमध्येही अपुऱ्या माहितीचे खाते वेगळे होते. ड वर्गात बसण्यासाठी चित्रण फार चांगले असावे लागते. आपला प्रकाश अ किंवा ब, आणि ठिपका क.

गच्चीवरचा

ठिपक्याला क देताना हात जड झाला, पण दिला. मूळ फाइल आणि मोजमापे एकाच ठिकाणी जपून ठेवली आहेत.

तिपाई यांच्या सल्ल्याने आता ट्रायपॉड घेतला आहे. फोकस अनंतावर बांधून ठेवायचा, झूमला हात लावायचा नाही, सुरुवातीला आणि शेवटी आजूबाजूचे सगळे सावकाश टिपायचे आणि घड्याळातली अचूक वेळ मोठ्याने बोलून ध्वनिमुद्रित करायची, असे ठरवले आहे. इथून ४ किलोमीटरवर राहणारा एक मित्र त्याच वेळी, आकाशाचा तोच भाग, त्याच्या गच्चीवरून टिपणार आहे. दोन जागांवरून दिसलेल्या ठिपक्याचे अंतर त्रिकोणाच्या हिशेबाने काढता येते, आणि जो एकाच फितीत उमटला तो बहुधा कॅमेऱ्याजवळचाच असतो. शनिवारी ढग नसतील तर सुरुवात करतो. लेन्स दोघांचीही पुसून ठेवली आहे.